मेंदूच्या देठातला खो

माझे कान चांगले आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण या आजारपणात भेटेल त्यानं मला कानाच्या मशिनीचा सल्ला दिलाय. भाजीवाल्यानं दिला, शेजारच्या वकीलसाहेबांनी दिला, एकदा तर रिक्षावाल्यानं दिला, तोही न विचारता. माझे पडदे शाबूत आहेत. कानाच्या तपासणीचा आलेख बघून डॉक्टर म्हणाले होते, "हा तर कॉलेजातल्या पोरीचा वाटतो." आणि तरीही चार माणसं एकत्र बोलायला लागली की मला काही कळायचं नाही. आवाज यायचा, बोलणं यायचं नाही. हे ज्याला होतं त्याला ते दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. मला आता थोडंफार सांगता येतं, म्हणून लिहायला बसले.

मी वंदना. सोलापुरात मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खो-खो शिकवते आणि सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. आमच्या भागात माझी शिट्टी वाजली की वाद मिटला, अशी माझी ख्याती आहे. फुशारकी म्हणा हवं तर. कमावलेली आहे, मारणारच.

ज्यांनी कधी खो-खो खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली मैदानाच्या मधल्या पाटीत ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी मुलगी समोरच्या संघातल्या पळणाऱ्या पोरींच्या मागं लागते. तिला मध्येच दिशा बदलता येत नाही, म्हणून ती बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात टेकवून 'खो' म्हणते आणि मग ती दुसरी उठून धावते. हात आणि आवाज बरोबर पडले पाहिजेत. हात लागायच्या आधी 'खो' म्हटलं तर फाऊल, आणि हात लागून आवाज निघाला नाही तरी फाऊल. फाऊलची शिट्टी झाली की पाठलाग करणारीला मागं फिरावं लागतं, तोवर पळणारी निसटते. म्हणजे पंचाला नजरेनं हात धरायचा असतो आणि कानानं आवाज, तेही पोरं भोवती बोंबलत असताना.

माझ्या मैदानावर अजून एक नियम आहे, तो पुस्तकात नाही. आपल्याकडून खो चुकला की आपणच हात वर करायचा, पंचाची वाट बघायची नाही. नवीन पोरींना हे जड जातं. महिनाभरात अंगवळणी पडतं, आणि मग त्या घरी दूध उतू गेलं तरी हात वर करतात, असं त्यांच्या आया सांगतात. या नियमाचा मला फार अभिमान होता. आजही आहे. पण याच नियमानं माझा आजार किती तरी महिने झाकून ठेवला.

मोहोळची मुलगी

सामना बाहेरच्या मैदानावर होता आणि मी पंच होते. मोहोळचा संघ पाठलाग करत होता. एका बारक्या पोरीनं खो दिला. हात दिसला, आवाज मला ऐकू आला नाही. मी शिट्टी मारली. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शिट्टी मारल्यावर ती रडायलाच लागली आणि मोहोळचे गायकवाड सर मैदानात आले.

"बाई, अहो ती बेंबीच्या देठापासून वरडतीय! पार त्या झाडापर्यंत ऐकू जातंय आणि तुमाला कसं न्हाय?"

ते अजून बरंच बोलले. मला त्यातलं जवळजवळ काहीच कळलं नाही. त्यांचं तोंड हलत होतं, भोवती पोरं ओरडत होती, आणि सगळ्याचा मिळून एक लगदा कानात येत होता. दुसऱ्या पंच माझ्या जुन्या मैत्रीण. त्या हळूच जवळ आल्या आणि म्हणाल्या, "वंदना, ती खरंच मोठ्यानं म्हणतेय गं." हे मात्र मला नीट कळलं, कारण त्या अगदी समोर येऊन बोलल्या.

मी शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली आणि मैदानाबाहेर येऊन बसले. इतक्या वर्षांत मी शिट्टी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती.

घरातलं ऐकणं

घरी आधीपासूनच कुरबूर चालू होती. माझे यजमान शिवानंद एका कचेरीत कारकून आहेत. शांत माणूस. पण शांत माणसाचाही संयम सुटतो.

"मी एकटा बोललो की तुला सगळं ऐकू येतं. टीव्ही चालू असला, कुणी आलेलं असलं की येत नाही. सोयीचं ऐकतेस तू, वंदना."

"सोयीचं म्हणजे काय हो? मी काय ढोंग करते?"

"मी तसं म्हटलं नाही."

तसंच म्हटलं होतं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? मलाच कळत नव्हतं. शांत खोलीत मी टाचणी पडलेली ऐकायची. सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेत गेलो तेव्हा मात्र शिवानंद माझ्या कानाशी ओरडत होते आणि मला वाटत होतं की ते पाळण्यापलीकडून हाक मारताहेत. आवाज कुठल्या बाजूनं येतोय हेच कळायचं बंद झालं होतं. रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला की मी उलटीकडे बघायची.

माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या. माहेर कानडी, सासर निम्मं मराठी. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. त्यांचं निदान पक्कं होतं. "आयुष्यभर शिट्ट्या फुंकल्या कानाशी, आणखी काय व्हायचं? याक गं, कशाला ते, नको म्हणत होते ना मी?" असं म्हणून त्या रोज माझ्या कानात लसणीचं कोमट तेल घालायच्या. तेलानं काही झालं नाही. उशीचे अभ्रे तेवढे पिवळे झाले.

पण जेवणाच्या ताटावरची गोष्ट सांगते. आमच्याकडे कडक भाकरी म्हणजे अव्वांचा मान. पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली, मोडली की टाळी वाजल्यासारखी वाजते. आम्ही तिघं जेवायला बसलो की तिघांच्या तोंडात कुडुमकुडुम चालायचं आणि त्यात माझं सगळं ऐकणं बुडायचं. मी नुसती मान हलवायची. एक दिवस ताटात मऊ भाकरी आली. दुसऱ्या दिवशीही मऊ. शिवानंदांनी विचारलं, "अव्वा, कडक भाकरी संपली का?"

अव्वा म्हणाल्या, "माझे दात दुखतात."

त्यांची कवळी आहे. मी खाली मान घालून जेवले, कारण डोळे भरून आले होते.

स्नेहलच्या खोलीत

कानाच्या डॉक्टरांनी आलेख बघून पाठ थोपटली आणि म्हणाले, जरा ताण कमी करा, या वयात बायकांना असं होतं. 'या वयात बायकांना' हे चार वेळा ऐकलं की माणसाचं डोकं फिरतं. माझं फिरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी ताणावर जगते, ताण मला चालतो. मला बोलणं कळत नाही, त्याचं सांगा." तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे नव्यानंच आलेल्या श्रवणतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं.

ती स्नेहल. केम गावची पोरगी. तिनं आधी माझ्याशी नुसत्या गप्पा मारल्या, मग तोंडापुढे कागद धरून बोलली, मग मागं बाजारातल्या गलक्याचं रेकॉर्डिंग लावून तीच वाक्यं पुन्हा बोलली. पहिल्या दोन वेळी मी धडाधड उत्तरं दिली. तिसऱ्या वेळी एकही देता आलं नाही. मला इतका राग आला की मी खुर्चीतून उठलेच.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही ढोंग करत नाही. मला दिसतंय."

बस्स. एवढं एक वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती दिवस थांबले होते! तिथंच रडले. शिवानंद शेजारी बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

मग तिनं दुसरी तपासणी केली. कपाळावर आणि कानामागं तारा चिकटवल्या, डोळे मिटून पडायला सांगितलं आणि कानात टक्-टक् आवाज सोडला. आपण काही बोलायचं नसतं, बटण दाबायचं नसतं, झोप लागली तरी चालते. कानात आवाज शिरल्यावर तो आत कुठवर आणि किती वेळात पोचतो, ते यंत्र मोजतं. पडद्यावर लाटा उमटतात. पहिली लाट वेळेवर आली होती. पुढच्या उशिरा, आणि बसलेल्या.

स्नेहलनं समजावलं ते असं. कान आवाज पकडतो, पण तो मेंदूच्या वरच्या भागात थेट जात नाही. मेंदू खाली जिथं निमुळता होत मणक्याकडे जातो, तो त्याचा देठ. वांग्याला असतो तसा. त्या देठात आवाजाची ठाणी आहेत, एकापुढे एक. दोन्ही कानांचा आवाज तिथंच पहिल्यांदा एकत्र येतो. कुठल्या कानात किंचित आधी पोचला ते तिथं ताडलं जातं, त्यावरून आवाजाची दिशा कळते. बोलण्यातली अक्षरं कुठं सुरू झाली, कुठं तुटली, याच्या बारीक कडा तिथं जपल्या जातात. गलक्यातून एक माणूस वेगळा काढायची सुरुवात तिथूनच होते. आणि हे सगळं वेळेवर चालतं. वेळ जरा जरी विस्कटली तरी आवाज पोचतो, पण बोलणं म्हणून पोचत नाही.

मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मधली पाटी आली. एकामागून एक बसलेल्या पोरी.

"म्हणजे आत खो-खो चालतो तर," मी म्हटलं. "पहिली उठली वेळेवर. पुढच्यांना खो उशिरा मिळतोय."

ती म्हणाली, "मॅडम, हे मी आता सगळ्या पेशंटांना सांगणार."

"सांग की. पण नाव माझं घे."

शिवानंद हसले. त्या दिवशी हसण्यासारखं तेवढंच होतं. कारण मग तिनं गंभीर होऊन सांगितलं की हा उशीर का होतोय ते तिला सांगता येणार नाही. त्यासाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं लागेल, आणि लवकर.

पांढरा ठिपका

एमआरआयच्या नळीत काय ठोकाठोकी चालते! इतके महिने मला प्रत्येक गोंगाटात काहीतरी शोधावं लागत होतं. या गोंगाटात काही शोधायचं नव्हतं, त्यामुळे खरं सांगायचं तर मला तिथं विश्रांती मिळाली.

मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. देठात एक पांढरा ठिपका. मसुराच्या डाळीएवढा. मेंदूतल्या तारांवर एक आवरण असतं, त्याला तिथं सूज आली होती आणि ते झिजलं होतं. शरीराची राखण करणारी फौजच चुकून घरातल्यांवर उलटली होती. डावा गाल तोंड धुताना बधिर लागायचा, वळताना तोल जायचा, ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तेही यातलंच निघालं.

"पुन्हा होईल का?" शिवानंदांनी विचारलं.

"होऊ शकतं. नाहीही होणार. एकदाच येऊन जाणारा प्रकार असेल तर उत्तमच. पुन्हा आला तर त्याला नाव देऊ आणि त्याचं औषध कायमचं सुरू करू. आत्ता सूज उतरवू."

"आणि मला खो ऐकू येईल का?" मी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. शिवानंदांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरंचसं परत येतं. पूर्ण येईल असं मी लिहून देत नाही."

खाली येऊन शिवानंद स्कूटरला किक मारत राहिले. चालूच होईना. किल्लीच लावली नव्हती. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला, तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "सोयीचं ऐकतेस म्हणालो होतो मी तुला." मी म्हटलं, "किल्ली लावा अहो, लोक बघतायत." दोघंही रडकुंडीला आलो होतो आणि दोघंही एकमेकांना दाखवत नव्हतो.

दवाखान्यात

सलाईनमधून औषध द्यायला काही दिवस भरती केलं. ज्यांना हे औषध घ्यायचंय त्यांना सांगते, घाबरू नका, पण तयारीत राहा. तोंडात पैसा चघळल्यासारखी चव येते. भूक अशी लागते की शेजारणीच्या डब्याकडे नजर जाते. झोप उडते, चेहरा फुगतो, आणि राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसतो. माझा आधीच तिथं राहायला होता, त्यामुळे घरच्यांना फरक कळला नाही.

सकाळी सिस्टर यायच्या, रक्तदाब, साखर, सुई. मग डॉक्टरांची फेरी. ती शांत वेळ, त्यात मी शहाण्यासारखी बोलायची. संध्याकाळी भेटायची वेळ झाली की वॉर्डभर नातेवाईक, डबे, लेकरं. त्या वेळेत मी भिंतीकडे तोंड करून पडायची. लोकांना वाटायचं बाईला माणसं नकोत.

पण शिवानंदांनी एक गोष्ट शोधून काढली. ते समोरून यायचे, आधी माझ्या हातावर हात ठेवायचे आणि मग बोलायचे. मग कळायचं, कारण लक्ष आधीच त्यांच्याकडे लागलेलं असायचं. अव्वांनीही ते उचललं, सिस्टरांनीही. आजही आमच्या घरी तसंच चालतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढंच करा. ओरडू नका. ओरडल्यानं आवाज मोठा होतो, बोलणं स्पष्ट होत नाही.

माझ्या खो-खोच्या पोरी आल्या तो दिवस वाईट गेला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी दोन्ही हातांनी थांबा, थांबा केलं आणि शेवटी "जा गं बाहेर!" म्हणून खेकसले. बिचाऱ्या चेहरे पाडून निघून गेल्या. एक मागं राहिली. रेश्मा, आमची कप्तान. सांगोल्याकडची, घरी मेंढरं, शिकायला इथं वसतिगृहात राहते. पळायला लागली की पायाला माती लागत नाही. ती पलंगाजवळ आली, माझ्या खांद्याला हात लावला आणि हळू बोलली.

"मॅडम, एक इचारू? आपल्या मैदानावर तुमची शिट्टी कदी चुकली न्हाय."

"नाही चुकली."

"आमी हात वर करतो म्हून तर न्हाय?"

पोरगी बरोबर बोलली होती. किती तरी महिने मी कानानं नाही, त्यांच्या वर गेलेल्या हातानं शिट्टी मारत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मोहोळच्या पोरी हात वर करत नाहीत. म्हणून तिथं मी उघडी पडले.

"मग आता हात वर करायचा न्हाय," रेश्मा म्हणाली. "तुमी बऱ्या हुईपर्यंत. चालंल?"

माझा नियम, माझ्या कप्तानानं मोडीत काढला. मी म्हटलं, "चालेल."

पाठमोरी

घरी आल्यावर स्नेहलकडे जाणं सुरू झालं. सूज औषधानं उतरते, पण देठाला पुन्हा वेळेवर काम करायची सवय लावावी लागते, असं ती म्हणायची. आधी शांततेत ऐकायचं, मग थोड्या गोंगाटात, मग जास्त. सराव. मला सराव कुणी शिकवायचा?

शिवानंदांना मैदान नको होतं. "शाळेतलं हलकं काम घे. पुन्हा त्या गलक्यात कशाला? पुन्हा कुणी चार लोकांत बोललं तर?"

"बोलू दे. मी खेळाची बाई आहे. मला वर्गात बसवून काय शोभेची बाहुली करणार का?"

"तू पडलीस तर उचलायला मी आहे गं. पण लोक हसलेले मला बघवणार नाहीत."

अव्वा आतून म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. घरात बसली तर आपल्यालाच शिट्टी वाजवंल."

संध्याकाळी मी मैदानात जायला लागले. पोरी मधल्या पाटीत बसायच्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून डोळे मिटून उभी राहायची. कुणीतरी खो म्हणायचं आणि मी बोटानं दाखवायची, कुठून आला. सुरुवातीला मी अशी दाखवायची की पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. आवाज डावीकडून आणि बोट शाळेच्या नळाकडे. मीही हसायची. मग घरी येऊन न्हाणीघरात रडायची, पाणी सोडून. हळूहळू बोट जवळ जवळ यायला लागलं. मग पोरींनी ताटल्या आणल्या वाजवायला. मग रेश्मानं कुणाची तरी हलगी आणली आणि शाळेच्या मुख्याध्यापिका खिडकीतून बघून गेल्या.

एक दिवस हलगी चालू असताना, ताटल्या चालू असताना, मागून खो आला आणि मी वळून थेट त्या पोरीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "आईशप्पथ!" तेही ऐकू आलं. पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला. औषधानं वजन वाढलं होतं, जमलं नाही. सगळ्या मिळून मातीत पडलो.

रोज असं जमत नव्हतं, हेही सांगते. दमले, ऊन लागलं, झोप नाही झाली की बोलणं पुन्हा विस्कटायचं आणि मनात यायचं, आलाच का तो ठिपका परत? दुसऱ्या एमआरआयत ठिपका लहान झालेला दिसला. नवा नव्हता. तरी ती शंका अजून अधूनमधून येते.

शिट्टी

शेवटी मीच गायकवाड सरांना फोन केला. म्हटलं, तुमचा संघ घेऊन सरावाच्या सामन्याला या, आमच्या मैदानावर. पंच तुम्हीच ठरवा.

ते म्हणाले, "पंच तुमीच व्हा की बाई. बघू." त्या 'बघू'त थोडी फणफण होती. मला आवडली.

सामन्याला आख्खी शाळा लोटली. हलगी होतीच. शिवानंद कचेरीतून रजा टाकून आले होते आणि अव्वांना घेऊन आले होते. अव्वा छत्री उघडून खुर्चीवर. मी शिट्टी गळ्यात घातली आणि मैदानात उतरले.

सामना चांगला झाला. माझ्या दोन-तीन शिट्ट्या बिनवादाच्या गेल्या, आणि मी सुटले असं वाटायला लागलं. शेवटच्या डावात आमच्या पोरी पाठलागावर होत्या, एका गुणानं मागं. मोहोळची एक चपळ पोरगी दमवत होती. रेश्मा तिच्या मागं. खांबाजवळ रेश्मानं बसलेल्या मुलीला खो दिला, ती मुलगी झेपावली आणि मोहोळची पोरगी सापडली. बाद! बरोबरी! शाळेनं आकाश डोक्यावर घेतलं.

पण माझी शिट्टी त्याआधीच वाजली होती. फाऊल. खो आधी आला, हात मागून लागला. मला तो ऐकू आला होता, हलगीतून, ओरडण्यातून, कडेकडेनं स्पष्ट.

"मॅडम, हात लागला हुता!" आमच्याच पोरी ओरडल्या. बाहेरून आमच्याच शाळेतून 'ऊऽऽ' सुरू झालं. गायकवाड सर माझ्याजवळ आले, फायदा त्यांचा असूनही म्हणाले, "बाई, खरं सांगतो, मला या गलक्यात काय बी ऐकू आलं न्हाय."

मी रेश्माकडे बघितलं. ती उभी होती, दोन्ही हात खाली. हात वर न करायची सरावातली बंदी मी केव्हाच उठवली होती. खो चुकला की सगळ्यात आधी जिचा हात वर जातो तिचा हात खाली होता. ठिपका. देठ. पुन्हा एका चांगल्या पोरीवर खोटी शिट्टी? खुर्चीतून शिवानंद उठून उभे राहिलेले मला दिसले.

एक क्षण वाटलं, शिट्टी मागं घ्यावी. बरोबरी होऊ दे, सगळे खूश होतील. पण मी ऐकलं होतं. तिचा हात खाली असला तरी मी ऐकलं होतं.

"फाऊल," मी म्हटलं. "खो आधी. मागं फीर, रेश्मा."

ती मागं फिरली. बाद रद्द झाल्यानं मोहोळची पोरगी निसटली. वेळ संपली आणि आम्ही एका गुणानं हरलो.

सगळ्या हात मिळवायला ओळीत उभ्या राहिल्या. रेश्मा ओळीतून बाहेर आली, माझ्यासमोर थांबली, सगळ्यांच्या देखत उजवा हात सरळ वर केला आणि माझ्या खांद्याला डावा हात लावून म्हणाली,

"व्हय मॅडम. आदी बोलले मी. गडबडीत निगून गेलं तोंडातनं."

"मग तेव्हा हात का नाही वर केलास गं?"

"तवा केला आसता तर लोक म्हनले आसते, बाईनी हात बघून शिट्टी मारली."

गायकवाड सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. शिवानंद मैदान ओलांडून आले, चार लोकांत माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाले. हलगी वाजतच होती. ते काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी ताटात कडक भाकरी होती.